वकीलपत्रावर सही करताना आपण नेमकं काय देतो?

वाटपाचा दावा लावायचा म्हणून काकांबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेले होते, त्याला आता बरीच वर्षं झाली. वकीलसाहेब आत दुसऱ्या कामात होते. त्यांच्या कारकुनाने चार छापील कागद पुढे केले, पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि म्हणाला, "इथे, इथे, आणि मागच्या बाजूला एक." काकांचा चष्मा घरी राहिला होता. कागदावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, तारीख, सगळ्या जागा कोऱ्या होत्या. "ते मी नंतर भरतो, तुम्ही काळजी करू नका." दोन मिनिटांत सह्या झाल्या.

सहा वर्षांनी निकाल विरोधात गेला. काकांची समजूत अशी, की वकील दिलाय म्हणजे वरच्या कोर्टातही तेच जातील. सुगी उरकून अडीच महिन्यांनी ते चौकशीला गेले, तेव्हा वकील म्हणाले, "माझी फी या कोर्टापुरती होती. अपिलाचं तुम्ही बोलला नाहीत." तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण नकलेसाठी अर्जच गेलेला नव्हता. पुढे विलंब माफ झाला, मात्र त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी आणि वर्षभराच्या तारखा गेल्या.

त्या निमित्ताने मी पहिल्यांदा वकीलपत्र ओळीओळीने वाचलं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी कोर्टाची पायरी चढणार असेल, तर मी आधी या कागदाबद्दल बोलते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या ऑर्डर 3, नियम 4 प्रमाणे, पक्षकाराने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने सही करून लेखी नेमणूक केल्याशिवाय वकिलाला त्याच्या वतीने कोर्टात काम चालवता येत नाही. ही लेखी नेमणूक म्हणजे वकीलपत्र. त्यावर कोर्ट फीचं तिकीट आणि वकील कल्याण निधीचा स्टॅम्प लागतो, वकील 'स्वीकारले' म्हणून सही करतात आणि कागद कोर्टाच्या फाईलला जातो. तुमच्या वतीने बोलणारा हा माणूस खरंच तुम्ही नेमलाय का, हे कोर्टाला कळावं यासाठी तो असतो.

म्हणूनच वकिलाला काय काय करता येईल ते त्यात सविस्तर असतं. काय करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, किती पैशांत आणि कुठपर्यंत, हे बहुतेक छापील नमुन्यांत नसतंच. काकांच्या वकीलपत्रात 'अपील करणे' हे शब्द होते. त्यांना वाटलं, म्हणजे अपील होणार. पण त्या शब्दांनी वकिलांना अपील करण्याची मुभा मिळाली होती. अपील केलंच पाहिजे असं त्यातून निघत नव्हतं.

कायद्यातही हा फरक आहे. नियम 4 सांगतो की एकदा दाखल झालेलं वकीलपत्र कोर्टाच्या दृष्टीने त्या दाव्यातली सगळी कामं संपेपर्यंत चालू राहतं, आणि 'दाव्यातलं काम' या व्याख्येत अपील, पुनर्विलोकन, नकला मिळवणं हेही येतं. मात्र त्याच नियमात पुढे म्हटलंय, की यामुळे वकील आणि पक्षकार यांच्यात आपसांत ठरलेली मुदत वाढत नाही. म्हणजे कोर्ट त्यांना तुमचा वकील मानत राहील, आणि तरीही तुमचं-त्यांचं ठरलेलं काम संपलेलं असू शकेल. काका याच फटीत अडकले. ते ठरलेलं काम कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांनीही ते आपापल्या समजुतीप्रमाणे धरलं होतं.

छापील ओळी सावकाश वाचल्या तर

नमुने थोडेफार वेगळे असतात, पण भाषा साधारण अशी: 'सदर कामी माझे तर्फे हजर राहणे, अर्ज व कैफियत देणे, कागदपत्रे दाखल करणे व परत घेणे, रक्कम भरणे व काढून घेणे, तडजोड करणे, दावा काढून घेणे, अपील व दरखास्त करणे... वकिलांनी केलेले सर्व काम मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य व बंधनकारक राहील.' (कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, दरखास्त म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज.) यातली बरीचशी कामं रोजची आहेत आणि तेवढा अधिकार दिल्याशिवाय वकिलाला पाऊल टाकता येणार नाही. तीन ठिकाणी मात्र थांबावं.

'तडजोड करणे' हे पहिलं. 1976 च्या दुरुस्तीनंतर दाव्यातली तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते. वाचून वाटतं, म्हणजे माझ्या सहीशिवाय काही होणार नाही. पण बायराम पेस्तनजी गारिवाला प्रकरणात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अधिकार दिलेल्या वकिलाची सही पक्षकाराच्याच सहीच्या जागी चालते. पुढे 2015 मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं, की पक्षकाराने स्पष्ट सांगितलेलं नसताना वकिलाने त्याचा हक्क सोडणारी कबुली किंवा तडजोड करू नये. दोन्ही निकाल एकत्र वाचले की वाट सापडते. अधिकाराला मर्यादा घालायची असेल, तर ती लिहून घाला. 'तडजोड करणे' या शब्दांपुढे हाताने 'पक्षकाराच्या प्रत्यक्ष सहीनेच' एवढं लिहिलं आणि शेजारी दोघांनी सही केली, तरी ती मर्यादा कागदावर येते.

दुसरी जागा 'रक्कम काढून घेणे'. भूसंपादनाचा मोबदला, अपघाताची भरपाई, भाडेकरूने कोर्टात भरलेलं भाडं, असे मोठे आकडे कोर्टात जमा होतात. ते थेट आपल्या बँक खात्यात यावेत असं वाटत असेल, तर हे शब्द खोडायला सांगा आणि खोडलं तिथे सह्या करा. याचा सच्च्या वकिलाला राग येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं वकिलावर बंधनकारकच आहे. फी म्हणून आलेली रक्कम आणि खर्चासाठी आलेली रक्कम यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात, आणि पक्षकाराने मागितली तर हिशेबाची प्रत द्यावी लागते.

तिसरी जागा ती शेवटची, 'मी स्वतः केल्याप्रमाणे'. तिचा पल्ला फार लांबचा आहे. ऑर्डर 3, नियम 5 प्रमाणे वकिलाला बजावलेली नोटीस तुम्हाला पोचली असंच धरलं जातं. वकील गैरहजर राहिले आणि अर्ज निकाली निघाला, तर 'मला माहीतच नव्हतं' हे म्हणणं सुरुवातीलाच लंगडं पडतं. मोबाइल नंबर बदलला, गाव बदललं, तर वकिलांना लेखी कळवा. आणि प्रकरणाचा 16 अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये तो टाकला, की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, तुमच्या बाजूने कोणत्या वकिलांचं नाव लागलंय, हे घरबसल्या दिसतं. पूर्वी यासाठी एसटीने हेलपाटा घालावा लागायचा.

कोऱ्या कागदावरची सही

याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. कारण ही इतकी रुळलेली पद्धत आहे, की तिच्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. 2005 साली उदय शंकर त्रियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकीलपत्रांमधल्या नेहमीच्या चुकांची यादीच दिली होती: सही कोणाची हे न लिहिणं, एकाच कागदावर अनेकांच्या न वाचता येणाऱ्या सह्या, सही दुसऱ्याच्या वतीने असूनही मुखत्यारपत्र न जोडणं, वकिलाची स्वीकृतीची सही नसणं. आणि कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या घेऊन ती नंतर भरणं टाळावं, असं स्पष्ट म्हटलं होतं. गावाकडच्या वकिलाने पक्षकाराची सही घेऊन ठेवायची, आणि हायकोर्टाच्या ठिकाणी जाऊन त्याच्या नावावर दुसरा वकील उभा करायचा, ही पद्धतही न्यायालयाने दोषांत मोजली आहे.

वकिलांची बाजूही खरी आहे. पक्षकार पन्नास किलोमीटरवरून येतो, पुन्हा कधी येईल भरवसा नाही, म्हणून जास्तीच्या सह्या घेऊन ठेवल्या जातात. त्यामागे बहुतेक वेळा सोयच असते. पण एक लक्षात ठेवा. त्या जादा कागदांवर उद्या काय लिहिलं जाईल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सही मात्र अस्सल असते. निदान कोर्टाचं नाव, दोन्ही पक्षकारांची नावं आणि तारीख तुमच्यासमोर भरून घ्या. नंबर अजून पडलेला नसेल, तर तेवढी जागा कोरी राहिली तरी चालेल. मग मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

चार भाऊ मिळून एकच वकीलपत्र देतात, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. उद्या आपल्यात बिनसलं तर हे वकील कोणाचे? एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच कामात विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. त्यामुळे भावांच्यात फाटलं तर बहुधा त्यांना सगळ्यांचंच काम सोडावं लागतं. हिस्से कसे पडावेत यावर घरात आधीच कुरबुर असेल, तर सुरुवातीपासून वेगळे वकील देणं शहाणपणाचं.

पक्षकार वारला की वकीलपत्र संपतं. वारसांनी 90 दिवसांत आपली नावं लावून घ्यायची असतात आणि स्वतःचं नवं वकीलपत्र द्यायचं असतं. मृत्यूची माहिती कळल्यावर ती कोर्टाला देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, आणि तेवढ्यापुरता जुना करार चालू समजला जातो. पण वकिलांना कळवणार कोण? घरच्यांनीच.

दुसरा कागद

वकीलपत्रात जे नसतं, ते दुसऱ्या कागदावर लिहून घ्यावं, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. मोठ्या शहरांत, कंपन्यांच्या कामात असा लेखी फी-करार सर्रास असतो. तालुक्याच्या ठिकाणी तो मागायला माणूस बिचकतो. साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. खरं तर साध्या वहीच्या पानावर आठ-दहा ओळी पुरतात. अशा:

'अमुक दाव्यात तालुका कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी काम पाहीन. एकूण फी इतकी. इतकी आज, इतकी मुद्दे निघाल्यावर, इतकी पुरावा संपल्यावर. कोर्ट फी, नकला, टायपिंग, नोटरी, कोर्ट कमिशनर हा खर्च पक्षकाराचा, पावतीप्रमाणे. अपील, दरखास्त यांची फी यात धरलेली नाही. निकाल लागल्यावर सात दिवसांत पक्षकाराला कळवीन आणि नकलेचा अर्ज देईन. पक्षकाराच्या सहीशिवाय तडजोड करणार नाही. माझ्याकडे दिलेले अस्सल कागद पुढीलप्रमाणे...' खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

नकलेच्या अर्जाची ती एक ओळ काकांच्या कागदावर असती, तर वर्ष वाचलं असतं.

फी ठरवण्याच्या पद्धती अनेक. पूर्ण कामाची एकरकमी, टप्प्याटप्प्याने, किंवा तारखेप्रमाणे. तारखेप्रमाणे ठरवत असाल, तर एक गोष्ट आधीच विचारा: समोरच्याने मुदत मागितली, न्यायाधीश रजेवर असले, तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे का? या एका प्रश्नावरून पुढे फार वाद होतात. ज्युनियर उभे राहणार का, आणि उलटतपास कोण घेणार, हेही विचारायला संकोच नको. मोठ्या न्यायालयात 'सीनियर ॲडव्होकेट' हा दर्जा मिळालेले वकील स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत. तुमचं वकीलपत्र दुसऱ्या वकिलाच्या नावे असतं आणि सीनियरची फी वेगळी असते. सर्वोच्च न्यायालयात वकीलपत्र फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' (त्या न्यायालयात तशी नोंदणी झालेले वकील) असलेल्यांनाच दाखल करता येतं.

"आता काही देऊ नका, पैसे मिळाले की त्यातले वीस टक्के द्या," असं अपघाताच्या किंवा भूसंपादनाच्या कामात ऐकायला मिळतं. हातात पैसा नसलेल्या माणसाला ते उपकारासारखं वाटतं. आपल्याकडे मात्र ते चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 20 ने वकिलांना मनाई केली आहे. वसुलीतला निम्मा हिस्सा घेण्याचा करार करणाऱ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं होतं. अमेरिकेत अशी फी अनेक प्रकारच्या दाव्यांत रीतसर चालते. आपल्याकडचा विचार असा, की वकील दाव्यात भागीदार झाला, की त्याचा सल्ला तटस्थ राहत नाही. लवकर पैसे हवेत म्हणून तो कमी रकमेवर तुम्हाला राजी करेल, किंवा जास्तीच्या लोभाने चांगली तडजोड मोडेल.

पैसा नसेल तर दुसरा रस्ता आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, अपंग, कारखान्यातले कामगार आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका आणि जिल्हा कोर्टाच्या आवारातच विधी सेवेचं कार्यालय असतं. 15100 या नंबरवरही विचारता येतं. या वकिलांची फी प्राधिकरण देतं.

पटलं नाही तर

वकील बदलणं हा तुमचा हक्क आहे. पद्धत एवढीच, की जुनं वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द व्हावं लागतं. नवे वकील जुन्यांची नाहरकत मागतात, कारण आधीचं वकीलपत्र दाखल असताना तशा संमतीशिवाय दुसऱ्याने उभं राहायचं नसतं. नाहरकत मिळाली नाही तर अडून बसायचं कारण नाही. कारण सांगून कोर्टाकडे परवानगी मागता येते.

"आधी बाकी भरा, मग फाईल," हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हे प्रकरण नेमकं यावरचं. एका सहकारी बँकेच्या वकिलांनी सुमारे 97 हजारांच्या थकलेल्या फीसाठी फायली अडवून ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं, की फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवायचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी त्यांनी दावा करावा. कागद परत द्यावेत. दुसऱ्या बाजूने, फी थकवणं हाही अन्यायच आहे. वकिलांनाही पुरेशा कारणाने, पक्षकाराला वेळेवर सूचना देऊन काम सोडता येतं. त्या वेळी न केलेल्या कामाची फी त्यांनी परत करायची असते. किती काम झालं आणि किती राहिलं, हे मोजायला तो दुसरा कागदच उपयोगी पडतो.

तक्रार कुठे करायची यात 2024 पासून स्पष्टता आली. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी' प्रकरणात ठरवलं, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. वकील पक्षकाराच्या सूचनांनी बांधलेला असतो, म्हणून हा 'वैयक्तिक सेवेचा करार' आहे, आणि असा करार त्या कायद्यातून वगळलेला आहे, असं त्यामागचं कारण. तेव्हा ग्राहक आयोगाकडे जाऊन उपयोग नाही. गैरवर्तन असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, तक्रार करता येते. ताकीद, काही काळ सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करणं, ते वकिलांच्या यादीतून नाव काढणं इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान भरून मागायचं तर दिवाणी कोर्ट.

एक दिलासा मात्र सही केल्या क्षणापासून मिळतो, नव्हे, सल्ला मागायला बसलात तेव्हापासून. त्या नात्याने वकिलाला सांगितलेली गोष्ट तुमच्या संमतीशिवाय त्यांना उघड करता येत नाही, काम संपल्यावरही नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. बेकायदेशीर कामासाठी सल्ला मागितला, तर हे संरक्षण नाही. म्हणून वकिलापासून लपवू नका. आपल्या बाजूचा कमकुवत कागदही आधी दाखवा.

अपिलासाठी काकांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नवे वकील दिले. या वेळी चष्मा बरोबर होता. वकीलसाहेबांनी स्वतःच वकीलपत्र वाचून दाखवलं, 'रक्कम काढून घेणे' खोडलं, शेजारी सही केली आणि काकांकडे पेन दिलं. फीचा कागद मागताना काका दोनदा अडखळले. साहेबांनी लेटरहेड काढलं आणि तिथेच सात ओळी लिहून दिल्या. घरी आल्यावर काकांनी तो कागद सातबाऱ्याच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावला.